किल्ली कोणी दिली

(पश्चिम सुमात्रातल्या डोंगरातलं एक गाव, सकाळचे नऊ. लाकडी घराच्या पुढच्या खोलीत अमाक, म्हणजे आई, भिंतीला टेकून बसली आहे. समोर जावई सुतान. मुलगी नेली चुलीपासून खोलीपर्यंत ये-जा करते आहे. दहाला गाडी येणार. दुपारी शहरातल्या कोर्टात अमाकची साक्ष आहे.)

सुतान: असं नको, अमाक. विचारलं तेवढंच सांगायचं. तुम्ही पार तुमच्या आजीपासून सुरुवात केलीत.

अमाक: त्यांनीच विचारलं ना, घर कोणाचं म्हणून? आजीने माझ्या आईला दिलं, आईने मला, माझ्यामागे नेलीचं. मग आजीपासून नको तर कुठून सुरुवात करू?

सुतान: "घर माझं आहे." संपलं.

अमाक: बरं. घर माझं आहे. पुढे?

सुतान: मी सरकारी वकील आहे असं समजा. "बाई, त्या शुक्रवारी सकाळी तुमच्या दारात किती माणसं आली?"

अमाक: चार. दोन पोलीस, दोन वनखात्याचे. त्यातल्या एकाने पायऱ्यांपाशी पाय धुतले, बाकीचे तसेच बुटांनी वर आले. ज्याने धुतले त्याला त्याच्या आईने चांगलं वळण...

सुतान: अमाक.

अमाक: चार माणसं.

सुतान: "त्यांनी तुम्हाला कोर्टाचा हुकूम दाखवला?"

अमाक: मला कोण दाखवणार? आणि दाखवला असता तरी माझा चष्मा शिवणाच्या डब्यात.

सुतान: चष्म्याचं काढू नका. "दाखवला नाही," एवढंच म्हणा. हुकूम नव्हताच त्यांच्याकडे, आणि आपला वकील तेवढ्यावरच उभा आहे. हुकूम नाही, तेव्हा त्यांच्या हाती उरते फक्त घरच्यांनी दिलेली संमती. ती खोटी पडली तर कोठारात सापडलेली ती अकरा पोती पुराव्यातून बाहेर काढा म्हणून भांडता येईल. मग मिरवानविरुद्ध राहतो एकट्या ट्रकवाल्याचा जबाब.

नेली: म्हणजे दादा सुटेल.

सुतान: आशा धरता येईल. वकील तेवढंच म्हणाला.

नेली: आणि नाही सुटला तर शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत जाऊ शकते, हेही तोच म्हणाला. ते तुम्ही अमाकला सांगितलंच नाहीत.

अमाक: सांगितलं नाही म्हणून मला कळत नाही असं थोडंच आहे, पोरी. पानवाली सांगते, मशिदीतून येणारे सांगतात. माझ्या पोराचे सगळे कायदे गावाला पाठ झालेत. विचारा हो तुम्ही पुढचं.

सुतान: "झडतीला परवानगी कोणी दिली?"

अमाक: तुम्ही.

सुतान: मी आत्ता सरकारी वकील आहे.

अमाक: मग आमच्या जावयाने. म्हणजे झालं असं. मी मागच्या दारी तांदूळ निवडत होते. शुक्रवार, म्हणून ह्यांचं शिलाईचं दुकान बंद, हे घरी. नेली बाजारात. गाडी थांबली, आणि खालून हाक आली, घरात कर्तं माणूस कोण आहे? माझे गुडघे असे, मी उठेपर्यंत हे पुढे झाले. त्यातल्या जाड्या साहेबाने कुटुंबपत्रक मागितलं, ह्यांनी आणून दिलं. त्याने बोट ठेवून मोठ्याने वाचलं, कुटुंबप्रमुख, झुलबाहरी. लग्नाच्या दिवशी ह्यांना सुतान हे मानाचं नाव मिळालं, तेव्हापासून ह्या घरात कोणी ह्यांना नुसत्या नावाने हाक मारलेली नाही. मी तर नाहीच. तो म्हणाला, झुलबाहरीसाहेब, तुमची हरकत नसेल तर घर आणि कोठार जरा बघतो. मला वाटलं, आता हे म्हणणार, थांबा, सासूबाईंना विचारतो. तर हे म्हणाले, बघा की, आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे.

नेली: बघा की? असं म्हणालात तुम्ही?

सुतान: हो.

नेली: मला सांगितलंत, त्यांनी दमदाटी केली.

सुतान: दमदाटी नव्हती केली. फार गोड बोलले.

नेली: दोन महिने मी बाजारात सगळ्यांना सांगत फिरतेय की माझ्या नवऱ्याच्या गळ्याला हात घातला होता.

सुतान: मला ते तुला सांगता आलं नाही. आधी एवढं संपवू. गाडी येईल. "मग काय झालं, बाई?"

अमाक: मग घर बघितलं. गाद्या उलटल्या, कपाट उघडलं, पोरांची दप्तरंसुद्धा सोडली नाहीत. काही नाही मिळालं. मग अंगणात उतरले. कोठाराला कुलूप. म्हणाले, किल्ली?

सुतान: "आणि किल्ली कोणी दिली?"

अमाक: नेली, पाणी दे गं जरा.

नेली: तिसऱ्यांदा. दरवेळी तुला ह्याच प्रश्नाला पाणी लागतं.

अमाक: घसा कोरडा पडतो म्हणून लागतं.

सुतान: उत्तर सोपं आहे, अमाक. वकिलाने लिहून दिलंय तसंच. "जावयाने परक्या माणसांसमोर शब्द दिला होता. तो मी मोडला असता तर त्यांची मान खाली गेली असती. आमच्यात जावयाला चारचौघांत खाली पाडत नाहीत. म्हणून नाइलाजाने किल्ली दिली." म्हणजे तुम्ही मनापासून परवानगी दिलीच नाही. आणि मी दिली, तर ती देण्याचा मला हक्कच नव्हता. कोठाराची किल्ली घरातल्या मोठ्या बाईच्या कमरेला असते, हे न्यायाधीशांनाही ठाऊक आहे. तेही इकडचेच आहेत.

अमाक: ऐकायला झकास आहे. वकील हुशार दिसतो.

सुतान: खरंच आहे ना ते?

अमाक: तुम्ही काय सांगणार आहात? ते तर ऐकू द्या मला. तुमची साक्ष माझ्यानंतर ना?

सुतान: हो, लगेच नंतर.

अमाक: मग बोला. आता मी सरकारी वकील. "काय हो, झडतीच्या संमतीच्या कागदावर सही कोणाची?"

सुतान: माझी.

अमाक: "घरमालक म्हणून केलीत?"

सुतान: त्यांनी बोट ठेवलं तिथे केली. घर माझं नाही. बावीस वर्षं मी ह्या घरात जेवतो, झोपतो, माझी पोरं इथली आहेत. पण मी इथला पाहुणा आहे. इथली एक फळीसुद्धा माझी नाही. दार कोणाला उघडायचं, कोणाला नाही, हे बोलायची माझी पायरी नाही. त्या दिवशी मी बोललो ती माझी चूक होती.

नेली: असं म्हणणार तुम्ही? सगळ्यांसमोर?

सुतान: वकिलाने असंच सांगितलंय.

नेली: तिथे माझे दोन्ही मामा बसलेले असतील. तुमचे भाऊ असतील. दुकानात कपडे शिवायला येणारे निम्मे लोक असतील.

सुतान: असू दे.

नेली: दाराआड तुमची पिशवी भरलेली बघितली मी सकाळी. कात्र्या, टेप, दोन लुंग्या. कोर्टात लुंग्या कशाला लागतात?

सुतान: नेली, हे आत्ता नको.

नेली: मग कधी? तुम्ही कोर्टातून परस्पर तुमच्या आईकडे जाणार. असं बोलून झाल्यावर ह्या घराच्या पायऱ्या चढवणार नाहीत तुमच्याच्याने. मी ओळखते तुम्हाला.

सुतान: दादा तरी सुटेल ना तुझा. भात उघड्यावर राहिला बघ, माशा बसतील.

नेली: भात गेला खड्ड्यात.

अमाक: सुतान, मला एक सांगा. वकिलाला नव्हे, मला. तुम्ही हो का म्हणालात?

सुतान: सांगितलं ना. लपवण्यासारखं काही नाही असं वाटलं.

अमाक: तेवढ्यासाठी माणूस "सासूबाईंना विचारतो" असंही म्हणू शकतो. तुम्ही तर साधं दुधाचं भांडं घ्यायचं झालं तरी आधी माझ्याकडे बघता.

सुतान: लाज वाटते सांगायला.

अमाक: माझ्यापुढे कसली लाज. माझे दात पडले त्याला तुम्ही साक्षीदार आहात.

सुतान: त्याने विचारलं ना, तुम्हीच कुटुंबप्रमुख का. अमाक, तुम्ही कोणी मला कधी वाईट वागवलं नाही. उलट ताटात पहिला तुकडा माझ्या. पण बावीस वर्षांत ह्या घरात मला कोणी काही विचारलं नाही. छप्पर बदललं, मला पत्रे आल्यावर कळलं. मोठीला कुठल्या शाळेत घालायचं ते मिरवानने ठरवलं, मामा म्हणून. मी फी भरायला गेलो. आणि त्या दिवशी चार गणवेशातली माणसं पायऱ्यांखाली उभी, आणि माझ्याकडे वर बघून विचारतात, तुमची हरकत नाही ना? मला बरं वाटलं हो. छाती फुगली माझी. त्या भरात बोलून गेलो. कोठारात काय आहे ह्याची मला पुसटशी कल्पना असती तर जीभ हासडून दिली असती मी.

नेली: मला का नाही सांगितलंत हे?

सुतान: काय सांगू? तुझा भाऊ माझ्या हौसेपायी आत गेला म्हणून? तो तर तुरुंगातून तेच निरोप पाठवतोय. सुतानने डाव साधला, सुतानला घर बळकावायचं होतं. तुझ्या मामांनी बैठक घेतली, मला नुसता चहा दिला आणि एकजणही माझ्याशी बोलला नाही. त्यांचं काय चुकलं? बोललो मीच ना.

अमाक: चुकलं त्यांचं.

सुतान: नाही, अमाक.

अमाक: चुकलं म्हणतेय ना. किल्ली तुमच्यामुळे नाही दिली मी.

नेली: म्हणजे?

अमाक: म्हणजे तू बस आधी खाली. उभ्याने ऐकण्यासारखं नाही ते.

नेली: अमाक, तू मला घाबरवू नकोस.

अमाक: मला ठाऊक होतं पोत्यांत काय आहे.

नेली: कधीपासून?

अमाक: दुसऱ्या खेपेपासून. पहिल्यांदा मिरवान म्हणाला सुपारी आहे, दोन दिवस ठेवतो. सुपारीला असा वास येतो होय? जळक्या शिंगासारखा. मी एका पोत्याची शिवण उसवून बघितली. खवले. खवल्या मांजराचे. हातात घेतला तर मोठ्या नखासारखा लागला, कोणाच्या तरी बोटाचं उपटून काढल्यासारखा. तसाच टाकला आणि हात राखेने घासले. मिरवानला म्हटलं, काढ हे माझ्या कोठारातून. म्हणाला, काढतो. पुन्हा म्हटलं. तो हसला, म्हणाला, अमाक, छप्पर गळायचं थांबलं ना आता? तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आतला तांदूळ बाजूला सारून आणखी चार पोती आत गेली.

नेली: मला वाटायचं, वास येतो. मी म्हणायचे, उंदीर मेला असेल.

अमाक: तुला वाटायचं नाही, तुलाही कळत होतं. मी तुला दोष देत नाहीये. पत्रे आले तेव्हा पैसे कुठले हे मीही विचारलं नाही. सगळ्यांनीच कानाडोळा केला. ह्या घरात एकट्या ह्यांनाच काही माहीत नव्हतं, आणि तेच आता मान खाली घालून फिरतायत.

सुतान: पण मग किल्ली...

अमाक: सांगते. ती देस्मा आली होती, आठवते तुला? नवरा जाऊन चाळीस दिवस झालेले, पदरात तीन पोरं. टोपली घेऊन पायऱ्यांखाली उभी राहिली. बोलली काही नाही. बोलायचं नसतंच. टोपली आणली की मोठ्या बाईने उठायचं, कोठार उघडायचं आणि भरून द्यायची, विचारायचं नाही. माझ्या आईने दिली, आजीने दिली, दुष्काळातसुद्धा दिली. आणि मी म्हटलं, देस्मा, तांदूळ संपलाय गं. कारण दार उघडलं असतं तर पोती दिसली असती. तिने कोठाराकडे बघितलं. तळाच्या फळ्या वाकल्या होत्या भाराने.  टोपली डोक्यावर पालथी घातली, ऊन होतं म्हणून, आणि गेली.

नेली: डब्यातला द्यायचास घरातला.

अमाक: नेऊन दिला ना, संध्याकाळी तिच्या दारात. पण ती भीक झाली. तिने घेतला, माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. मग आठ-दहा दिवसांनी ते चौघे आले. अंगणात उभे राहून म्हणाले, किल्ली? हे माझ्याकडे वळले, नुसतं बघितलं. मी म्हणू शकले असते, हरवली. म्हणू शकले असते, माझा मुलगा येऊ दे. त्या साहेबाने ऐकलंही असतं, पाय धुवून आलेल्याने. मी कमरेची दोरी सोडली आणि दिली. मनात आलं, न्या एकदाचं. माझं कोठार मला परत द्या.

सुतान: अमाक, हे...

अमाक: पोती नेतील असं वाटलं मला. ओरडतील, दंड करतील, गावात चार दिवस नाचक्की होईल. पोरालाच नेतील असं नव्हतं वाटलं. खरं सांगते, डोक्यातच आलं नाही. संध्याकाळी त्याच्या बायकोच्या घरून त्याला नेलं हे कळलं, तेव्हा मी चुलीसमोर होते. तशीच बसून राहिले. भात करपला.

नेली: तू दादाला पकडून दिलंस.

अमाक: हो.

नेली: नुसतं हो काय म्हणतेस?

अमाक: मग काय म्हणू, बाई? रात्रंदिवस तेच माझ्या डोक्यात आहे. उठून बसते, पुन्हा आडवी होते. पंधरा वर्षं म्हणजे मी असेन का तोवर? त्याचं मी तोंड पुन्हा बघेन का? पंचाहत्तरी उलटली माझी. देव जाणे.

सुतान: अमाक, ऐका माझं. हे आपल्या तिघांत राहू द्या. वकिलाने लिहून दिलंय तेवढंच म्हणा. माझी काही हरकत नाही. मनापासून सांगतो. माझं काय, शिंपी कुठेही बसून शिवतो.

नेली: एकच वाक्य आहे, अमाक. "नाइलाजाने दिली." थोडा नाइलाज होताच ना? जावयाने शब्द दिला होता, ते खोटं नाही ना?

अमाक: खोटं नाही. पण त्यासाठी दिली नाही.

नेली: कोणाला कळणार आहे?

अमाक: मला कळलंय तेवढं पुरे नाही का? आणि ते वाक्य बोलायचं म्हणजे काय बोलायचं? की ह्या घरात माझ्या हातात काही नव्हतं. मी आपली कमरेला किल्ली बांधलेली खुंटी. आणि हा माणूस उठून म्हणणार, मी ह्या घरात कोणी नाही. मग त्या दिवशी ते दार उघडलं कोणी? वाऱ्याने?

नेली: तुझ्या मानापायी दादा आत सडू दे, असंच ना?

अमाक: माझ्या मानापायी असतं तर देस्माला परत पाठवलं असतं का मी?

नेली: माझा नवरा जातोय, माझा भाऊ जातोय, आणि मला कोणी विचारतच नाहीये, तुझं काय म्हणून.

सुतान: मी जात नाहीये.

नेली: पिशवी?

सुतान: उघडतो ती. आत्ता उघडतो. नेली, रडू नकोस गं. अमाक जे सांगतील ते ऐकून मग मी माझं बोलेन. मी काही आधी पाठ करून जाणार नाही आता.

नेली: गाडी आली बहुतेक. हॉर्न वाजला.

अमाक: माझी शाल दे. ती नको, दुसरी, जाड. कोर्टात पंखा डोक्यावर असतो.

सुतान: हात द्या, अमाक. पायरी ओली आहे, जपून.

नेली: अमाक, निदान मला तरी सांग. ते विचारतील, किल्ली कोणी दिली, तेव्हा तू काय म्हणणार?

अमाक: मी दिली म्हणणार. कोणी सांगितलं नाही, कोणी भीती घातली नाही, मला पोत्यांत काय आहे ते ठाऊक होतं आणि मी दिली. आणि तीन वेळा पोराला सांगितलं होतं, तेही म्हणणार. वकील डोक्याला हात लावील, लावू दे.

नेली: दादा समोर बसलेला असेल गं. पाच पावलांवर. त्याच्या डोळ्यांदेखत बोलणार तू हे?

अमाक: त्याच्याकडे बघूनच बोलणार. दोन महिने तो सुतानला शिव्या घालतोय. कोणाला घालायच्या, ते त्याला माझ्या तोंडून कळू दे.